आग्रहाचा रोडगा

माझ्या दादाला, शालिग्रामला, हृदयाचा झटका आला तेव्हा त्याचं वजन शंभराच्या पुढे होतं. वरवट बकालमध्ये त्याला कुणी जाडा म्हणत नसे, 'खात्यापित्या घरचा' म्हणत. अकोल्याला स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणाले, "नळी आम्ही उघडली, पण एवढं अंग ओढून हे हृदय थकतंय. वजन उतरवा, नाहीतर पुढच्या वेळी दवाखान्यापर्यंत पोहोचणार नाही."

हे मनावर घेतलं फक्त वहिनीनं, सत्यभामाबाईनं. तेल आवरलं, साखर बंद केली, सकाळी त्याच्याबरोबर चालायला निघाली. हळूहळू दादा उतरला. शेतापर्यंत न थांबता जाऊ लागला, धाप गेली. आणि गावाला काय दिसलं? ढिला झालेला सदरा!

"काय वाळला गा शालिग्राम! बायको जेवाले देते का नाही?"

चौकात रोज हेच. माझं डोकंच फिरायचं! मरणाच्या दारातून परतलेला माणूस सुधारतोय, त्याचं कौतुक नाही, वर वहिनीच उपाशी मारणारी ठरली. दादालाही लाज वाटू लागली मेल्याला. पंगतीत तो मुकाट खाऊ लागला. वजन चढलं, पायांवर सूज आली.

मग दादाच्या लेकीच्या, छायाच्या सासरी, संग्रामपूरला, रोडग्यांचं जेवण निघालं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले जाड रोडगे, वर तुपाची धार. व्याही गोविंदराव स्वतः वाढत होते. व्याह्याचा आग्रह मोडला तर मुलीला ऐकून घ्यावं लागतं, ही आमच्याकडची रीत. आग लागो त्या रीतीला!

"माह्या हातचा एक घ्याच लागते, व्याही. नाही म्हणसान तर आमचा अपमान समजीन."

दादाच्या कपाळावर घाम फुटला होता, तरी त्यानं ताट पुढे केलं. बायकांच्या बाजूनं वहिनी उठली. मुलीची आई, आणि भर पुरुषांच्या पंगतीत आली. तिनं दादाचं ताटच उचललं.

"डॉक्टरनं मना केलं हाय त्याईले. हा पाहुणचार नाही, भाऊ. जीव घेऊन राह्यले तुमी त्याईचा!"

पंगत थबकली. गोविंदराव तुपाचं भांडं आपटून आत गेले. छाया दारात उभी राहून रडत होती. मला मात्र टाळ्या वाजवाव्या वाटल्या.

बसस्टँडकडे येताना दादा सारखा तणतणत होता. "पोरीच्या सासरी माही इज्जत घालवली!" पण अर्ध्या वाटेत त्याचा श्वास अडकला. छाती धरून तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. वहिनीनं त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. जरा बरं वाटताच त्यानं विचारलं, "काऊन केलं तसं?"

वहिनीचा आवाज चढला.

"हाव, घालवली इज्जत. ते पुन्हा कमावता येईन. तुमाले कुठून आणू मी?"