लाकडातलं गोड पाणी

देवबागेत आमच्या घराच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये मी: बारा वर्षांची, दोतोर्नीच्या वर्गातली सगळ्यात शहाणी. म्हणजे असं माझं मत. दोतोर्न ही आमची धर्माची शिकवणी. पन्नासच्या दशकात मिसा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, लॅटिनमध्ये व्हायची, आणि ती झाली की खाडीपलीकडून येणारे म्हातारे पाद्री आम्हाला प्रश्नोत्तरं घोकायला लावत. मग खुशीत आले की पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांचं सांगत. त्या लोकांना बायबलात लाकूड दिसलं की त्यात ख्रिस्ताचा खूर्स, म्हणजे क्रूस, दिसे, पाणी दिसलं की बाप्तिस्मा. मोशेनं कडू पाण्यात लाकूड टाकलं आणि पाणी गोड झालं, त्यातही त्यांनी दोन्ही बघितले. मला हा खेळ भयंकर आवडला. वल्ह्यात, मुसळात, सगळीकडे मी खूर्स शोधत हिंडायची.

त्या वर्षी आईला दिवस भरायच्या आधीच मूल झालं. ह्याच्या आधीचं बाप्तिस्म्याविना गेलं होतं, म्हणून त्याला सिमितेरीच्या, म्हणजे आमच्या दफनभूमीच्या, कुंपणाबाहेर पुरलेलं. बाबा होडी घेऊन पाद्रींना आणायला धावले.

"पोर निळसार दिसता," सुईण म्हणाली. ती हिंदू, पण वाडीतली निम्मी ख्रिस्ती पोरं तिच्याच हातावर आलेली. "पाद्री येयसर थांबूचा नाय. गो चेडवा, तू शिकलंस मां? घाल पाणी."

प्रसंग पडला तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हे मला पाठ होतं. घागर हाताशी होती. पण शहाणीला घागरीतलं मचूळ पाणी कसं चालेल? आईसाठी काढलेली शहाळी कोपऱ्यात होती. झाडाच्या पोटातलं गोड पाणी! लाकूडही तिथंच, पाणीही तिथंच. मी एक फोडलं आणि बाळाच्या कपाळावर तीनदा ओतलं. मंत्रातला शब्द एकही चुकला नाही.

जरा वेळानं सुईणीनं बाळाच्या कानामागून मुंगी काढली. मग दुसरी. तिनं त्याच्या ओल्या केसांना बोट लावून चाखलं.

"ह्या काय गो घातलंस?"

आईनं मान वळवली. "पाणीच मां ता?"

बाप्तिस्म्याला कुठलं पाणी चालतं, त्याचं घोकलेलं उत्तर आता मला आठवलं: विहिरीचं, नदीचं, पावसाचं, समुद्राचं. शहाळ्याचं त्यात नव्हतं. मी घागरीत तांब्या बुडवला आणि थिजले. कारण पुढचं उत्तरही आठवलं: बाप्तिस्मा एकदाच, दुसऱ्यांदा देणं महापाप. पहिला लागला असेल तर दुसरा पाप. नसेल लागला तर हाही कुंपणाबाहेर. बाळाची छाती हलते न हलते.

"घाल नायतर ठेव!" सुईण ओरडली. "खांबासारखा उभा ऱ्हवू नको!"

तेवढ्यात दारात पाद्री, झगा गुडघ्यापर्यंत भिजलेला. मी एका दमात सगळं सांगितलं, मोशेसकट. त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला, लॅटिनमध्ये पुटपुटत पाणी ओतलं.

"'आधी बाप्तिस्मा जावक नसलो तर' असा म्हणान घातलंय," ते म्हणाले. "आता झालो." ही 'तर'ची वाट आम्हाला कुणी शिकवलीच नव्हती. मग माझ्याकडे वळून, "त्या जुन्या लोकांनी लाकडात खूर्स बघितलो, पण माथ्यार ओतताना पाणीच ओतला. अर्थ शोध गो, पण घागर सोडू नको."

"आणि माजो आदलो, कुंपणाभायरचो?" आईनं विचारलं. "तेच्यासाठी त्यांनी काय लिवन ठेवला?"

पाद्रींनी तांब्या खाली ठेवला. "एकमत नाय. एक कडक लिवता, बाप्तिस्म्याबगर देवाघरचा दार उघडणा नाय. दुसरो म्हणता, त्या लेकरान पाप खंय केला? तेका शिक्षा कसली?"

"मग रविवारी दुसऱ्याचाच वाचा," आई म्हणाली.

बाळानं टाहो फोडला.

आई उठून हिंडाफिरायला लागल्यावर पहिल्यांदा चर्चमध्ये आली, त्या रविवारी पाद्रींनी त्या दुसऱ्याचंच सांगितलं. आई मान खाली घालून ऐकत होती. मी शेजारी बसून, तिच्या मांडीवरच्या भावाच्या कानामागे मुंगी नाही ना, ते बघत होते.