अप्पांचा तांब्या आणि तोपातलं चंदन

माझे अप्पा रोज सकाळी तांब्या घेऊन तोपात जात, ही आमच्या घराची सगळ्यांत मोठी लाज होती. तोपू म्हणजे झाडांची राई. म्हैसूरच्या आम्हा जुन्या मराठी घरांत राई, बन, जंगल असा फरक करायची पद्धत नाही, सगळं तोपूच. आमची गल्ली संपली की तो सुरू होई. गावकीच्या जमिनीवर वनखात्याने लावलेली निलगिरी, तिच्यात आधीपासूनचे कडुनिंब, करंज, जांभळं, आणि पलीकडच्या टोकाला एक बुजलेली विहीर. घरात चांगला सिमेंटचा संडास असताना सरकारी कचेरीतला माणूस हातात तांब्या धरून तिकडे का जातो, याचा शेजाऱ्यांनी जो अर्थ लावायचा तो लावला होता. आईने आधी भांडून पाहिलं, मग अबोला धरून पाहिला, मग नाद सोडला. मी शाळेत असताना मैत्रिणी घरी आल्या की मनात देवाला विनवायची, आत्ता अप्पा नकोत यायला. ते नेमके तेव्हाच यायचे, रिकामा तांब्या हलवत, आणि गल्लीच्या तोंडाशी दोनदा मागे वळून बघत.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते, असं आजोबा मिशीवर हात फिरवत सांगायचे. ते शौर्य अप्पांपर्यंत येईतो पार संपलेलं होतं. अप्पा नियमाला भीत. बेळगोळकडून येणाऱ्या बसचं तिकीट उतरल्यावरही दोन दिवस खिशात ठेवत, कुणी विचारलंच तर असावं म्हणून. कचेरीत ते खिडकीवर बसत आणि समोरच्याला कन्नडमध्ये एकच वाक्य ऐकवत, “रिजिस्टरनल्लि इरोदे निज,” म्हणजे रजिस्टरात आहे तेच खरं. एका हयात म्हाताऱ्याला त्यांनी, रजिस्टरप्रमाणे तुम्ही वारलेले आहात, असं सांगून परत पाठवलं होतं. त्या दिवशी घरी येऊन मात्र ते जेवले नाहीत.

मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी तोपाच्या फाटकावर नोटीस लागली. निलगिरी तोडणार. गल्लीत लगेच दोन तट पडले. बँकेतून निवृत्त झालेले काका उघड खूश झाले. त्या झाडांच्या वासाने त्यांना रात्र रात्र खोकला यायचा आणि पाल्याने त्यांचं गटार तुंबायचं. समोरच्या घरातल्या कन्नड अज्जी हवालदिल झाल्या, कारण त्यांचा न्हाणीघरातला पाण्याचा हंडा निलगिरीच्या वाळक्या पाल्यावर तापायचा. इतक्या वर्षांत त्यांनी लाकूड म्हणून विकत घेतलं नव्हतं. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना तर आनंद करावा की दुःख हेच कळेना. मोकळं मैदान मिळणार होतं, पण तीन झाडांवर कोळशाने काढलेल्या यष्ट्या जाणार होत्या.

आणि मी? मी नुसती पेटले होते. मला तेव्हा कशाचाही राग यायचा, आणि इथे तर आयतं कारण होतं. मी कन्नडमध्ये अर्ज लिहिला, दारोदार फिरून सह्या घेतल्या. काकांनी सही दिली नाही तेव्हा त्यांच्या ओट्यावर उभी राहून त्यांना बरंच काही सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, “खोकून दाखवू का तुला?” मी पाय आपटत निघून आले.

वनखात्याचे साहेब पाहणीला यायला तयार झाले, हा माझ्या अर्जाचाच प्रताप होता. मग मला आणखी जोर चढला. साहेब यायच्या आधी तोपातलं एकूण एक झाड मोजायचं, प्रत्येकावर खडूने आकडा घालायचा, विहिरीच्या बाजूची घाणेरी कापून तिथलीही झाडं मोजायची, असं मी ठरवलं. जेवताना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं आणि अप्पांचा घास हातातच राहिला.

“विहिरीकडं बेडा,” ते म्हणाले. बेडा म्हणजे नको.

“का नको?”

“साप आहेत. आणि सुम्मने, उगाच कशाला सरकारच्या झाडांवर आकडे? उद्या विचारलं कुणी, तर?”

मग माझा तोल गेला. मी त्यांना भित्रे म्हटलं. म्हटलं, जन्मभर तुम्ही सरकारला घाबरलात, निदान मला तरी घाबरवू नका. आई मध्ये पडली, पण मी थांबले नाही. स्वतः रोज तांब्या घेऊन त्याच विहिरीकडे जाता तेव्हा साप कुठे जातात, हेही मी विचारलं. अप्पा ताटावरून उठले. चार दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. झाडं मी मोजली, पण शाळेच्या परीक्षा आल्या आणि विहिरीकडची बाजू तेवढी राहून गेली.

पाहणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. अप्पा वर आले, चिमटे उगाचच एका बाजूला सरकवत राहिले. मग म्हणाले, “तू तिसरीत होतीस बघ. मागच्या दारी तुरीत एक रोप आलं. पान बघितलं आणि गोत्तायतु, कळलंच, गंधाचं.”

गंधाचं म्हणजे चंदनाचं. बाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही वाटायचं नाही, पण तेव्हाच्या म्हैसुरात ही साधी गोष्ट नव्हती. चंदन कुणाच्याही अंगणात उगवो, ते सरकारचं. ज्याच्या अंगणात उगवलं त्याने वर्दी द्यायची, ते सांभाळायचं, आणि चोरांनी नेलं तर जाबही त्यानेच द्यायचा. म्हणून पाखरांनी टाकलेल्या बीचं रोप दिसलं की शहाणी माणसं गुपचूप उपटून टाकत आणि त्याबद्दल बोलतही नसत.

“उपटायला गेलो,” अप्पा म्हणाले, “पण हात नाही उचलला. माझी आई रोज सहाणेवर गंध उगाळायची. तो वास आला, खरं सांगतो, रोपाला वास नसतो तरी आला. मग तुरीसकट मातीचा गड्डा काढला, बादलीत घातला, आणि विहिरीपाशी नेऊन लावला. नंतर कळलं, गंधाला शेजारच्या झाडाच्या मुळांवर जगायची सवय असते. म्हणून दर वर्षी तिथं तूर पेरतो.”

“आणि तांब्या?”

“पाणी नको का घालायला?”

मला हसावं की रडावं कळेना. ज्या तांब्यापायी मी सगळी शाळा मान खाली घालून काढली, तो चंदनाला पाणी घालायचा तांब्या होता. शेजारी काय समजतात हे अप्पांना पक्कं माहीत होतं, आणि त्यांनी ते समजू दिलं होतं. कारण खरं सांगितलं असतं तर सरकारचं झाड सरकारला न सांगता हलवल्याचा गुन्हा उघड झाला असता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. आता चौकशी लागली तर आयुष्यभर जपलेलं स्वच्छ नाव जाणार होतं. आणि चौकशी नाही लागली तरी निलगिरी गेल्यावर ते झाड उघडं पडून चोरांच्या डोळ्यांवर येणार होतं. दोन्हीकडून कात्री, आणि साहेबांना आवताण देणारी मीच.

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू खरं बोलणारी,” ते म्हणाले. “तुला खोटं बोलायला कुठं लावू?”

त्या क्षणी मला माझी भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांच्याबरोबर खाकीतले एक म्हातारे वनरक्षक होते, बगलेत जाड रजिस्टर. झाडून सगळी गल्ली जमली होती. काका मुद्दाम खोकले. अज्जींनी हंड्याची कैफियत मांडली. साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की निलगिरीने जमिनीतलं पाणी आटवलंय, ती जाणार, पण तिच्याखेरीज एकाही झाडाला हात लागणार नाही. निलगिरीच्या जागी करंज आणि जांभूळ लावू, आणि तोडीचा पाला गल्लीने न्यावा. अज्जींनी तिथल्या तिथे हिशेब केला की दोन वर्षांचं न्हाणं भागलं, आणि त्यांचा विरोध संपला. माझ्या भाषणाची चार पानं हातात तशीच राहिली. एरवी मी हट्टाने ती वाचलीच असती, पण माझं सगळं लक्ष विहिरीकडे होतं.

वनरक्षक त्याच दिशेने चालू लागले. मी पुढे झाले. “तिकडे साप आहेत,” मी म्हटलं, आणि मला माझ्याच आवाजात अप्पा ऐकू आले.

“मी तिकडे दर आठवड्याला जातो, अम्मा,” ते कन्नडमध्ये म्हणाले आणि चालत राहिले.

घाणेरी ओलांडून आम्ही विहिरीपाशी आलो तर तिथे अप्पा उभे होते. कचेरीला न जाता, कचेरीचे इस्त्रीचे कपडे घालून, हातात तांब्या. तो त्यांनी पुरावा म्हणून आणला असावा. त्यांच्या मागे चंदनाचं झाड होतं, माझ्या मांडीएवढ्या बुंध्याचं, दिसायला अगदी साधं, खाली तुरीची चार-पाच झुडपं. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. कुणी काही विचारायच्या आधीच अप्पा कन्नडमध्ये बोलायला लागले. हे झाड माझ्या मागच्या दारी उगवलं, मी वर्दी दिली नाही, मी ते इथे आणून लावलं, घरच्या कुणाला माहीत नव्हतं. त्यांचा आवाज कापत होता, पण ते थांबले नाहीत. आमच्या घराण्यातलं शौर्य कुठे शिल्लक होतं ते मला तेव्हा कळलं.

साहेबांनी वनरक्षकांकडे पाहिलं. त्यांनी रजिस्टर उघडलं, थुंकी न लावता एका फटक्यात पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं, “विहिरीपाशी गंध, एक. तानागि बेळेदद्दु.” आपोआप उगवलेलं. नोंद जुनी होती, मी पाचवीत असतानाची. जे झाड अप्पा सरकारपासून वीस वर्षं लपवत होते, ते सरकारच्या वहीत जवळजवळ तितकीच वर्षं बसलेलं होतं.

साहेबांनी ती ओळ स्वतः वाचली. “इथे आपोआप उगवलेलं लिहिलंय,” ते म्हणाले. “तुम्ही म्हणता तुम्ही लावलं. कुठल्या कचेरीत असता?”

अप्पांनी सांगितलं.

“मग तुम्हाला मी काय शिकवू?” साहेबांनी रजिस्टर मिटलं. “रिजिस्टरनल्लि इरोदे निज.”

हे वाक्य अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहून ऐकलं. ते तिथेच विहिरीच्या काठावर बसले. माझा जीव भांड्यात पडला आणि मी त्यांच्या शेजारी बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसतही होते. साहेबांनी झाडाभोवती तारेचं कुंपण घालायला सांगितलं आणि ते पुढे गेले.

वनरक्षक मागे रेंगाळले. “निलगिरीखाली तूर आपोआप येत नाही, अम्मा,” ते मला म्हणाले. “मी गुरांपासून वाचवायला काटे टाकायचो, तर पाणी आधीच घातलेलं असायचं. कुणीतरी आहे, गोत्तित्तु, ठाऊक होतं. कोण ते बघायला मी कधी लवकर आलो नाही.” ते काटे गुराखी टाकतात अशी अप्पांची वीस वर्षं समजूत होती.

पुढच्या आठवड्यात निलगिरी तोडली. मी रडेन असं आईला वाटलं होतं, पण खरं सांगायचं तर स्वयंपाकघरात पहिल्यांदा सकाळचं ऊन आलं आणि मला बरंच वाटलं. काकांना त्या उन्हाळ्यात खोकला झाला नाही. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन माफी मागितली, त्यांनी मला कॉफी दिली.

तोड संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी तांब्या भरला. त्या झाडाला आता पाण्याची काही गरज नव्हती. मी गच्चीवरून पाहत होते. अज्जी दारात रांगोळी काढत होत्या. त्यांनी मान वर न करता, नेहमीच्या मिस्कील सुरात विचारलं, कुठे निघालात?

“गंधाला पाणी घालायला,” अप्पा म्हणाले, गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. आणि तोपू ओलांडून विहिरीपर्यंत, आता निलगिरी नसल्यामुळे मला अगदी शेवटपर्यंत दिसत होते, ते एकदाही मागे वळून न बघता गेले.