गाठीचं कणीस

बेगमबीभाभी रडल्या नाहीत, याचंच आमच्या गल्लीला जास्त दुःख झालं. माणूस गेल्याचं राहिलं बाजूला. येणारी प्रत्येक बाई आधी त्यांचे डोळे बघायची. मी त्यांच्या समोरच्याच घरात राहते. एकदोघींना मी तोंडावर सांगितलं, भेटायला आलात की तपासायला?

देगलूरच्या बसस्टँडाबाहेर चिंचेखाली भाभींची शेगडी असते. मक्याचं भाजलेलं कणीस, वरून लिंबू आणि तिखटमीठ. भाजायचं काम भाभींचं, कणसं आणायचं त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे जिलानीभाईंचं. सकाळी सायकल काढून ते मडिवाळप्पांच्या शेतावर जायचे, स्वतः तोडायचे आणि पोतं कॅरिअरला बांधून आणायचे. कणीस सोलून बघणारा माणूस त्यांना अजिबात खपायचा नाही. पाल्यावरूनच अंगठा दाबायचा, दाणा भरलाय की नाही ते कळतं. एकदा सोललं की दाणा सुकायला लागतो. घरी आणलं की पोतं रांजणाच्या बुडाशी सावलीत, वरून तरट ओलं. प्लास्टिकची पिशवी नाही, त्यात कणीस घामेजतं. आणि आजचं कणीस आजच विकायचं. उरलं तर बकरीला.

रोजच्या पोत्यात एका कणसाच्या पाल्याला शेंड्याशी गाठ मारलेली असायची. ते सगळ्यांत कोवळं. भाभींच्या दाढा कधीच गेल्या, निबर दाणा त्यांना चावत नाही, म्हणून ते त्यांचं. फक्त भांडण झालं की गाठ नसायची. जिलानीभाई बोलून राग दाखवणाऱ्यांतले नव्हतेच. मग एक-दोन दिवसांनी पोत्यात पुन्हा गाठ दिसली की भाभी मला ओरडून सांगायच्या, "मनिषा, मिटलं बघ!" सगळी गल्ली हसायची.

शेवटचं भांडण फ्रिजवरून झालं. भाभींना जुना फ्रिज घ्यायचा होता. आठवड्यातून दोनदाच कणसं आणायची, पाल्यासकट ओल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवायची, म्हणजे या वयात रोज सायकल मारायला नको. म्हणणं मायेचंच होतं, पण भाभींचं तोंड मायेचं नाही.

"शिळं विकू का लोकायला?" जिलानीभाई म्हणाले.

"शिळं कसं? तीन-चार दिवस गोड राहतंय."

"तुला न्हाई कळत त्यातलं."

"न्हाई ना कळत? मग जावा. पडा जाऊन वाटंत कुठंतरी!"

हे आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं, आम्हीही बोलतो. जिलानीभाई चहा न घेता निघून गेले.

ते वाटेत पडले नाहीत. घरी आले, सायकल बाहेरच्या भिंतीला लावली, पोतं रांजणापाशी ठेवलं आणि भाभींशी एक अक्षर न बोलता परत बाहेर वळले. उंबऱ्यावर बसले ते तसेच कलंडले. मी धावत गेले. दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दुपारच्या नमाजनंतर माती झाली. नवरा गेला की भाभींच्यात बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्याला इद्दत म्हणतात. आणि तीन दिवस त्या घरात चूल पेटत नाही, जेवण शेजारपाजारचे देतात. आमच्या घरून भाकरी आणि वरण जायचं. भाभी दोन घास खायच्या, ताट सरकवायच्या आणि उठून तरटावर पाणी मारायच्या. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. पोतं उचलून बाजू बदलायच्या. पण तोंडाची सुतळी सोडायच्या नाहीत.

त्यांची मुलगी शबाना उदगीरहून आली होती. ती घाबरली. "अम्मी, आता ते टाकून देऊ का?"

"राहू दे."

मी जवळ बसले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मनिषा, गाठीचं हाय का न्हाई, बघू वाटत न्हाई मला. न्हाई निघालं तर?"

निघेल हो, असं म्हणाले, आणि माझं मलाच ते पोकळ वाटलं. जाताना ते घरात येऊनही पाठ फिरवून गेले होते, हे मीसुद्धा माझ्या दारातून बघितलं होतं.

तिसऱ्या दिवशी जियारत झाली. कुराण वाचून लोक निघायला लागले, तेव्हा शबानानं पुन्हा विषय काढला. खराब होण्यापेक्षा लोकांना वाटून टाकू. भाभी हो म्हणाल्या. स्वतः रांजणापाशी बसल्या आणि सुतळी सोडली. कणसं हिरवीगार होती, पाला ओलसर, जणू आत्ता तोडलीत. एकेक कणीस हातात घेऊन शेंडा बघायचा आणि शबानाच्या टोपलीत टाकायचं. पोतं रिकामं झालं. भाभींनी ते उलटं करून झटकलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "बराबर हाय. न्हाईच ऱ्हाणार."

चेहऱ्यावर काहीही नाही. ते बघून मला भडभडून आलं, त्यांना नाही.

तेवढ्यात मडिवाळप्पा आले. बाहेर ओट्यावर बसले. भाभी दाराच्या पडद्याआड, मी त्यांच्याजवळ. म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली.

"त्या दिशी जिलानीभाईनं कणसं तोडली न्हाईत, अव्वा," तो पडद्याकडं न बघता बोलला. "आला तोच बांधावर बसला. छाती भरल्यावानी झालीय म्हणला. पोतं मीच भरलो."

भाभी पडद्याला धरून उभ्या राहिल्या.

"एक मात्र त्यानंच तोडलं. उठून गेला, लई हुडकून आणलं, पाल्याला गाठ मारली. म्या म्हणलं टाक पोत्यात. तर म्हणला, आज नको, आज हातात द्यावं लागंल. अन् सायकलच्या पिशवीत ठिवला."

सायकल. ती तीन दिवस गल्लीत, भिंतीला तशीच होती, भर उन्हात. भाभींना बाहेर यायचं नव्हतं आणि आम्हाला कुणाला तिकडं बघायचं सुचलं नव्हतं. जिलानीभाई पाठ फिरवून गेले नव्हते, पिशवी आणायला वळले होते.

मी जाऊन हँडलची कापडी पिशवी काढून आणली. हाताला गरम लागत होती. आत एकच कणीस. पाला वाळून कागदासारखा झालेला, गाठ मात्र घट्ट. भाभींना ती सुटेना, शेवटी शबानानं सोडवली. आतले दाणे आक्रसून गेले होते. पोतंभर कणसं भाभींनी जपली, आणि त्यांचं तेवढं सुकलं.

"राहू द्या भाभी, चावणार नाही," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. कच्चेच चार दाणे नखानं उकरून तोंडात टाकले आणि पुढच्या दातांनी चावत राहिल्या. चावता चावता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"कवळं हाय," त्या म्हणाल्या, आणि आणखी दाणे उकरायला लागल्या.