पोस्टकार्डावरचं दुसरं नाव

मी एका सिनेनटाचा भक्त होतो हे सांगायला आज लाज वाटते. माझ्यासोबत जे भक्त होते त्यांची तर जास्तच वाटते. सात जण होतो आम्ही. नेरच्या बसस्टँडमागे एक शिंपी बसायचा, त्याच्या दुकानाची पायरी हा आमचा अड्डा. शिंप्याला आम्ही नकोच असायचो, पण त्याच्या भिंतीवर आमच्या नटाचे फोटो चिकटवून आम्ही ती भिंत आमची करून टाकली होती. कोणी पँटचं माप द्यायला आलं की आमच्यातला एखादा आगाऊ उठून सांगायचा, "भाऊ, खालून अशी ठेवा," आणि भिंतीकडे बोट दाखवायचा. आलेलं गिऱ्हाईक साठीचं असलं तरी यांना फरक पडत नसे.

आमच्या या मंडळाला अध्यक्ष होता, रबरी शिक्का होता आणि काम काहीच नव्हतं. अध्यक्ष जवळच्याच एका खेड्यातल्या कापूसवाल्या घरचा. बी.ए. करायला म्हणून नेरला खोली घेऊन राहिला आणि दुसऱ्या वर्षातच मुक्काम ठोकून बसला. मे महिन्यात आमच्याकडे शहाणी माणसं डोक्याला ओला दुपट्टा बांधून फिरतात. हा मानेवर केस रुळवत, अंगात काळं जाकीट घालून, स्कूटरवरून गल्ल्या मोजायचा. जाकिटाच्या आत घामाने भिजून तो आजारी पडला तेव्हा डॉक्टरने जाकीट काढायला सांगितलं, तर म्हणे, "पिच्चर उतरेपर्यंत काढत नाही."

कापसाची ती वर्षं वाईट होती. आधी अळी खायची, अळीतून वाचलं ते भाव खायचा. खरेदी केंद्रावर बैलबंड्यांची रांग बाजारातून निघून थेट सडकेपर्यंत जायची, आणि माणसं चार-चार, पाच-पाच दिवस बैलांसोबत तिथेच मुक्कामाला असायची. अध्यक्षाचा बापही त्याच रांगेत असायचा. पोरगा तिकडे फिरकायचा तो फक्त चहाला, कारण रांगेजवळच्या टपरीवरचा चहा बरा होता.

मी स्वतःला यांच्यातला समजत नव्हतो. वडील तहसील कार्यालयात बाबू, घरात दोन मासिकं यायची, आणि मी बी.कॉम. झालेला. झाल्यावर तीन वर्षं रिकामा होतो, ही गोष्ट मी हिशेबात धरत नसे. बाकीचे सहा जण नटावर प्रेम करतात, मला मात्र त्याचा अभिनय कळतो, असा माझा समज. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनातल्या मनात रोज म्हणायचो आणि रोज संध्याकाळी त्याच गाढवांच्यात जाऊन बसायचो.

रविवारी एसटीने यवतमाळला जायचं, पहिला खेळ गाठायचा, नट पडद्यावर आला की चिल्लर उधळायची, सुटल्यावर स्टँडजवळ आलूबोंडा खायचा, आणि परतीच्या वाटेवर अध्यक्षाने एसटीच्या दारात उभं राहून सगळे संवाद पुन्हा म्हणायचे, हा आमचा नेम. कंडक्टर म्हणायचा, "भाऊ, तू आत बस नाही तं खाली उतर." नटाच्या वाढदिवसाला आम्ही सरकारी दवाखान्यात केळी वाटायचो. केळं हातात दिलं की फोटो निघेपर्यंत पेशंटने ते खायचं नाही, असा नियम. एका म्हाताऱ्याने भुकेपोटी आधीच सोलून खाल्लं, तर अध्यक्ष त्याच्यावर खेकसला आणि दुसरं केळं त्याच्या हातात नुसतं धरायला दिलं. फोटो झाल्यावर ते परत घेतलं. मी तिथे उभा होतो. मला किळस आली, पण फोटोत मीही आहे.

आमचा खरा छंद मात्र पोस्टकार्डाचा. दुपारी रेडिओवर फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. गावोगावचे श्रोते कार्ड टाकायचे आणि गाण्याआधी त्यांची नावं वाचली जायची. एका कार्डावर वीस-वीस नावं असत, पण निवेदक पहिली चार-पाच वाचून "आणि त्यांचे सर्व मित्र" म्हणून मोकळा व्हायचा. त्यामुळे कार्डावर कोण कितवा, यावरून आमच्यात भावकीसारखी भांडणं. पहिला नंबर कायम अध्यक्षाचा. अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझं, आणि माझं नाव सातवं.

चार वर्षं आम्ही कार्डं टाकत होतो. एकही वाचलं गेलं नव्हतं. मग उपाय निघाले. कोणी म्हणालं लाल शाईने लिहा, कोणी म्हणालं कोपऱ्याला कुंकू लावा. शेवटी असं ठरलं की बायांची नावं असली म्हणजे कार्ड लवकर निघते. तेव्हापासून आमच्या कार्डात खोट्या बायांची नावं येऊ लागली. मनाला येईल ते नाव, मनाला येईल ते आडनाव. स्वतःच्या बहिणीचं नाव मात्र एकानेही कधी घातलं नाही. तेवढी अक्कल सगळ्यांना होती.

एकदा पायरीवर नटाच्या नव्या सिनेमावरून वाद झाला. मी म्हणालो, याला आता अभिनय जमत नाही. अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाला, "तुले अक्षराशिवाय येते काय बे? बाबूचा पोरगा तू, बाबूचं काम कर. लिव." सगळे खो खो हसले. शिंपीही हसला. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी निमूटपणे कार्ड ओढलं आणि लिहायला बसलो.

माझ्या घरासमोर एक मुलगी राहायची. वडील शाळेत कारकून, ती डी.एड. करत होती. गेले दोन महिने अध्यक्ष आमच्या गल्लीतून दिवसाला चार वेळा स्कूटर काढायचा आणि तिच्या दारासमोर हॉर्न वाजवायचा. तिने कधी मान वर केली नाही. मी खिडकीतून बघून पोट धरून हसायचो. तर त्या दिवशी मी पहिलं नाव अध्यक्षाचं लिहिलं आणि दुसरं, अगदी त्याला चिकटून, तिचं. खाली बाकीचे. हा स्वतःला हिरो समजतो ना, मग घे हिरोईन, एवढाच विचार. कार्ड वाचलं जाणार नाही याची मला खात्री होती. पेटीत टाकताना मला फार हुशार वाटलं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी आम्ही खरेदी केंद्राजवळच्या टपरीवर चहा पीत होतो. दुपारची वेळ. रांगेतल्या दर दोन-तीन बंड्यांमागे एक ट्रान्झिस्टर जुवाला बांधलेला, आणि सगळ्यांवर एकच कार्यक्रम. बसून बसून माणसं दुसरं करणार काय? निवेदकाने नेरचं नाव घेतलं आणि आमच्या हातातले कप थांबले. मग अध्यक्षाचं नाव आलं. मग तिचं. सगळ्या बंड्यांवरून एकदम आलं, सडकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अध्यक्ष टपरीच्या बाकावर चढून नाचला. पहिल्या आनंदात त्याला दुसरं नाव ऐकूच गेलं नव्हतं. कोणीतरी सांगितल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो दुप्पट जोरात नाचू लागला. रांगेतली माणसं शिट्ट्या मारू लागली. माझ्या तोंडातला चहा कडू झाला.

कारण मला एक गोष्ट माहीत होती, ती या सहा जणांना नव्हती. त्या मुलीचं लग्न जमत आलं होतं. मुलगा केळापूरकडे शिक्षक, पक्क्या नोकरीचा, आणि लग्नानंतर तिने नोकरी करायला त्यांची हरकत नव्हती. त्या दिवसांत हे म्हणजे घबाडच. शेतीवाल्या घरात मुलगी द्यायला कोणी धजत नव्हतं, त्यामुळे एकेका नोकरदार मुलामागे दहा-दहा बाप लागलेले. तिच्या वडिलांनी दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या. मध्यस्थी मुलाच्या मामाची होती. मामाचं शेत नेरच्याच बाजूला, आणि मामा त्या दुपारी आपली बंडी घेऊन त्याच रांगेत होता.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. मुलीचं आधीच कुठं जमलं दिसते, आम्हाला भानगडीत पडायचं नाही.

त्या संध्याकाळी तिचे वडील शिंप्याच्या दुकानाशी आले. आवाज चढवला नाही. शाळेच्या वेळेत घालायचा तोच पांढरा शर्ट अंगात होता. एवढंच म्हणाले, "ते कार्ड कोनं लिवलं, सांगा. मी काही करनार नाही. मले फक्त त्याले मामासमोर उभं करायचं हाय."

पायरीवरचे सगळे जमिनीकडे बघत होते. मी भिंतीवरच्या फोटोकडे बघत होतो. कार्ड कोण लिहितो हे सहाही जणांना ठाऊक होतं. तोंड उघडायचं होतं ते मी.

अध्यक्ष उठला. केसांवरून हात फिरवला, जाकिटाची चेन वर ओढली आणि म्हणाला, "मी लिवलं काका. तुमच्या पोरीचा काही संबंध नाही. तिनं माह्याकडे कधी पायलं बी नाही."

त्या क्षणी त्याच्या डोक्यात कुठेतरी कॅमेरा चालू असणार, याबद्दल मला आजही शंका नाही. वाक्य त्याने थांबून थांबून, नटाच्याच चालीवर टाकलं. पण टाकलं त्याने.

तो त्यांच्यासोबत रांगेत गेला. पुढचं मला शिंप्याने सांगितलं, कारण मी गेलो नाही. अध्यक्षाने भर रांगेत, स्वतःच्या बापाच्या देखत, मामाचे पाय धरले. मामाने एक थापड दिली. बापाने बंडीवरून उतरून दुसरी दिली. मग मामा तिच्या वडलांना म्हणाला, "भाऊ, हा खरंच बोलून राह्यला असंन. पन साऱ्या गावायनं आयकलं. मी कोनाकोनाच्या तोंडाले हात लावू?" लग्न मोडलं ते मोडलंच.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पायरीवर आला तेव्हा गाल सुजलेला होता. मला वाटलं, आता हा माझी चामडी सोलणार. तो शेजारी बसला आणि म्हणाला, "पन गाणं मस्त लागलं ना बे?" असला मूर्ख मी जन्मात दुसरा पाहिला नाही. त्याच्या शेजारी बसायची माझी लायकी नव्हती हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आठवड्याने, दुपारी, घरी मी एकटाच असताना ती आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. फाटक उघडलं नाही.

"दादा, ते कार्ड तुमी लिवलं," ती म्हणाली.

मी म्हणालो, त्याने तर कबूल केलं.

"आपल्या गल्लीत मले सारे घरच्या नावानं हाका मारते. त्यालेबी तेच माहीत. रेडिओवर आलं ते माह्यं कागदावरचं नाव आलं, बाबाच्या नावासकट. डी.एड.चा फॉर्म तुमीच भरून देल्ला होता ना मले?"

यावर माणसाने माफी मागायची असते. माझ्या तोंडून निघालं, "बाबांना सांगितलंस काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. आयुष्यभर मी लोकांकडे ज्या नजरेने पाहत आलो, ती नजर स्वतःवर कशी लागते ते मला तेव्हा कळलं.

"नाही सांगितलं," ती म्हणाली. "सांगितलं तं उद्या लोकं तुमचंबी नाव माह्या नावाले जोडतीन. एकाचं जोडलं तेवढं बस झालं."

ती पुढे फुलसावंगीला शाळेत लागली. लग्न झालं, पण उशिरा, आणि लांब.

हे लिहायला बसलो तेव्हा अध्यक्षाचं नाव सगळ्यात आधी घालावं असं फार मनात आलं. तो अजून त्याच खेड्यात आहे, मानेवरचे केस गेले, पाऊण शेतही गेलं. छापलेलं नाव बघून हरखला असता, गावभर दाखवत फिरला असता. पण नेरच्या बाजूला आजही त्याचं नाव घेतलं की ऐकणारा हसतो आणि कार्डावरचं त्याच्या पुढचं नाव आपणहून सांगतो. म्हणून इथे कोणाचंच नाव नाही.