सीपीयूवरचं स्टिकर

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण निवृत्तीनंतरही ती पाठ सोडत नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे पाहिले. या गुन्ह्यात मात्र माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती मी सरकारी कागदावर माझ्या सहीनिशी केलेली आहे. म्हणून लिहितो.

धरणगाव आणि एरंडोलच्या मधल्या पट्ट्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. कापसाचा हंगाम होता. दुपारी तीनच्या सुमारास फोन आला की रस्त्यालगतच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आग लागली आहे. जिनिंगमध्ये ठिणगी पडणं नवं नाही. कापसातून एखादा खडा आला, यंत्रात घासला की झालं. आम्ही पोहोचलो तेव्हा गावकऱ्यांनी टँकरने पाणी मारून, ट्रॅक्टर लावून शेडचा लोखंडी दरवाजा पाडला होता. दरवाज्यामागे चार बायका एकमेकींवर पडलेल्या होत्या. तिघी सातपुड्याच्या पायथ्याकडून कापूस निवडायला आलेल्या, चौथी तिथल्याच वॉचमनची बायको. पाडलेल्या दरवाज्याच्या कडीत कुलूप तसंच होतं, बंद.

वॉचमनला सगळे आबा म्हणत. साठीला टेकलेला, हाडकुळा माणूस. तो दरवाज्याजवळ मातीत बसला होता आणि त्याच्या तळहातांची कातडी निघाली होती. मॅनेजर पांढऱ्या शर्टात, हात जोडून आमच्या मागे-पुढे करत होता. त्याने सांगितलं की शेडचं कुलूप आणि चावी वॉचमनकडेच असते, हा कुलूप घालून कुठेतरी चहाला गेला. आम्ही वॉचमनच्या खोलीत पाहिलं तर चावी खिळ्याला टांगलेली. बाहेर जमाव खवळलेला होता, दगड कधी येईल याचा नेम नव्हता. संध्याकाळपर्यंत मी आबाला अटक केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं, पण तेव्हा मला माझा तपास फार चोख वाटत होता.

शेडच्या दरवाज्यासमोर कॅमेरा होता. मॅनेजर म्हणाला, कॅमेरे नुसते नावाला आहेत, रेकॉर्डिंग कधीच बंद पडलं. त्याने ऑफिसातला संगणक दाखवला. त्यात खरंच कॅमेऱ्याचं काही नव्हतं. तरी नियमाप्रमाणे दोन पंच बोलावून संगणक जप्त करायचं ठरवलं. ठाण्यातलं संगणकाचं काम आमची एक महिला शिपाई पाहायची. बोलायला कमी, कामाला पक्की. जप्तीच्या नमुन्यात सिस्टिम कोणती, बत्तीस बिटची की चौसष्टची, असा रकाना होता. तिने बंद करण्याआधी स्क्रीनवर माहितीचं पान उघडून त्याचा फोटो घेतला आणि मला विचारलं, "साहेब, बाहेरचं लिहू की आतलं?"

सीपीयूच्या खोक्यावर पुढेच चकचकीत स्टिकर होतं, चौसष्ट बिट. मला बाहेर जमाव दिसत होता. मी म्हणालो, "एवढं मोठं छापलेलं आहे, तेच लिहा." तिने लिहिलं, पंचांनी सह्या केल्या, मी सही केली, लाखेचं सील लागलं. संगणक मुद्देमालात गेला.

आबाची चौकशी अवघड नव्हती, आणि तेच मला खटकायला हवं होतं. खोटं बोलणारा माणूस पुष्कळ बोलतो. हा कोठडीत भिंतीला टेकून बसायचा. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाला, "कुलूप मीच लावं साहेब. चावी मनाजोडे नव्हती, मॅनेजरजोडे व्हती." मी त्याला विचारलं, चावी मॅनेजरकडे होती तर तुझ्या खोलीतल्या खिळ्यावर कशी आली. चार वेळा विचारल्यावर म्हणाला, तुमले काय लिखानं ते लिखा. मी ते लिहून घेतलं. तळहातांबद्दल वैद्यकीय दाखल्यात भाजल्याच्या आणि ठेचल्याच्या जखमा असं होतं. ठेचल्याच्या कशा, हा प्रश्न मी डॉक्टरला विचारला नाही.

कोठडी वाढवून मागितली, मिळाली. नवव्या दिवशी सकाळी हजेरी घेताना आबा उठून गजांजवळ आला. आपणहून बोलायची त्याची ती पहिली वेळ.

"साहेब, उद्या तिनं दहावं शे. एक तास सोडा माले."

त्याला बायकोच्या दहाव्याला जायचं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. बायकोला अग्नी तिच्या भावाने दिला होता, तेव्हाही हा कोठडीतच होता. कोर्टाकडून परवानगी आणून, बंदोबस्तात नेता आलं असतं. पण गाव तापलेलं होतं आणि मला वाटत होतं की ज्याने कुलूप घातलं त्याला पिंड ठेवायला कशाला न्यायचं. मी नाही म्हणालो. तो पुन्हा भिंतीला जाऊन बसला.

बाराव्या दिवशी ठाण्यात एक म्हातारे शेतकरी आले. नाना म्हणू. जिनिंगच्या फाटकाला लागून वजनकाटा आहे, तो सगळ्या पंचक्रोशीला खुला. नानांची तक्रार काट्यावरच्या वजनाच्या चिठ्ठीबद्दल होती. "आग लागनी त्या दिनपासून काटावर हातनी चिठ्ठी देतस. छापेल भेटस नही. हातनी चिठ्ठी बाहेरना व्यापारी मानतस नही." मी म्हणालो, नाना, इथं चार जीव गेले आणि तुम्ही चिठ्ठीचं काय घेऊन बसलात. अंमलदाराला सांगून त्यांची बोळवण करायच्या बेतात होतो.

शेजारच्या टेबलावरून महिला शिपाई उठून आली. तिने नानांना पुन्हा विचारलं, नक्की त्याच दिवसापासून का? नाना म्हणाले, आदल्या दिवशीची छापील चिठ्ठी अजून खिशात आहे, बघा. तिने ती पाहिली आणि पंचनाम्याच्या वेळचा तो फोटो काढून माझ्यासमोर ठेवला.

त्यात दोन गोष्टी एकाच ओळीत होत्या. प्रोसेसर चौसष्टचा. त्यावर बसवलेली सिस्टिम बत्तीसची. मला अर्थ लागेना. तिने शांतपणे समजावलं की स्टिकर खोक्यातल्या यंत्राचं असतं, आत कोणती सिस्टिम टाकली आहे ते त्यावरून कळत नाही. मोठ्या विहिरीवर लहान मोटर बसवली तर पाणी मोटरीइतकंच येणार. हल्ली ऑफिसात बत्तीसची कोणी मुद्दाम टाकत नाही, म्हणाली. काट्यासारखं जुनं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तरच टाकतात.

"हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?" मी विचारलं.

"सिस्टिम बत्तीसची आहे एवढंच माहीत होतं साहेब. म्हणूनच विचारलं होतं."

जिनिंगला संगणक देणारा दुकानदार जळगावचा होता. त्याला त्याच दुपारी बोलावलं. फोटो दाखवल्याबरोबर तो म्हणाला, हा ऑफिसचा नाहीच, हा काट्याचा. दोन्ही खोकी त्याने एकाच दिवशी दिली होती, दिसायला जुळी. काट्याचा प्रोग्राम फार जुना, चौसष्टवर चढतच नाही, म्हणून त्या खोक्यात मुद्दाम बत्तीसची सिस्टिम टाकलेली. कॅमेऱ्यांचा प्रोग्राम बत्तीसवर चढत नाही, म्हणून ऑफिसात चौसष्टची. आम्ही पोहोचण्याआधी मॅनेजरने दोन खोकी बदलली तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हतं. त्यालाही माझ्यासारखं स्टिकर सारखं दिसलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बारा दिवस आमचे बंदोबस्तावरचे शिपाई त्या काट्याच्या केबिनमध्येच चहा पीत होते. टेबलाखाली खोकं होतं आणि वर काटेवाला हाताने चिठ्ठ्या लिहीत होता. नवे पंच घेऊन गेलो. या वेळी तिने आतलं पान उघडलं, मी वाकून स्वतः वाचलं आणि मगच लिहायला सांगितलं. चौसष्ट. कॅमेऱ्याचा प्रोग्राम आणि रेकॉर्डिंग जागेवर होतं. मॅनेजरला ते पुसता येत नव्हतं, खोकं हलवावं तर आमचे शिपाई तिथेच, आणि कोणाला विचारावं तर साक्षीदार तयार झाला असता.

ठाण्यात आणल्यावर मॅनेजर आधी प्रिंटर बिघडला म्हणाला, मग दुकानदार खोटारडा म्हणाला. मी पहिल्या जप्तीचा फोटो आणि नवा पंचनामा शेजारी ठेवले. दोन तासांनी त्याचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो खरं बोलायला लागला. जेवणानंतर बायका गाडी पकडायला लवकर पळतात म्हणून तोच कुलूप घालायला लावायचा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायचा. चावी खिळ्याला आग विझल्यावर अडकवली. मी त्याला विचारलं की आग दिसली तेव्हा चावी खिशात होती, मग दरवाजा का नाही उघडला. तो म्हणाला, "पहिल्यांदा कॅमेराच आठवला साहेब."

पोलिसांपुढचं बोलणं कोर्टात टिकत नाही. रेकॉर्डिंग टिकलं. प्रयोगशाळेतून प्रत आली तेव्हा मी ती एकट्याने पाहिली. आबा कुलूप लावतो, मॅनेजर हात पुढे करतो, चावी खिशात जाते. नंतर धूर. आबा दरवाज्याकडे धावतो, तिथून ऑफिसकडे. मॅनेजर बाहेर येतो, बघतो, खिसा चाचपतो आणि परत आत जातो. आबा दगड उचलून कुलपावर घालायला लागतो. दगड फुटल्यावर हातांनीच. आणि मग चित्र काळं होतं. आगीने नाही, मॅनेजरने वायर ओढली म्हणून. धूर दिसल्यापासून तोवर चार मिनिटं गेली होती, आणि आग अजून दरवाज्यापर्यंत आली नव्हती. त्या दिवशी मी जेवलो नाही.

आबाला त्याआधीच कोर्टात अहवाल देऊन सोडवलं होतं. जबाबासाठी बोलावलं तेव्हा त्याच्या हातांवर नवी, गुलाबी कातडी आली होती. मी त्याची माफी मागितली. पोलीस अधिकाऱ्याने आरोपीची माफी मागायची पद्धत नाही, पण मागितली. त्याने ती ऐकली की नाही कळलं नाही. त्याने उलट विचारलं, "तो चावी लई उना असता, ते ती वाची जाती का?"

मी रेकॉर्डिंग पाहिलं होतं, मॅनेजर चावी घेऊन आला असता तर ती वाचली असती. मी हो म्हणालो.

"बठ्ठा आवाजसमा तिना आवाज मी वळखा व्हता," तो म्हणाला. आतून ओरडणाऱ्या चौघींत त्याला बायकोचा आवाज वेगळा कळला होता. "पन कुलूप मीच लावं. हाई बी लिखी ठेवा."

लिहिलं. त्याने अंगठा दिला, बोटावरची शाई डोक्याला पुसली आणि गेला. मॅनेजरला पुढे शिक्षा झाली. आबा गाव सोडून गेला असं ऐकलं.

नंतर नाशिकला, धुळ्याला नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायची वेळ आली की मी हीच केस सांगायचो. ते वहीत लिहून घ्यायचे की खोक्यावरचं वाचू नका, उघडून बघा. बरोबरच आहे ते, आणि माणसालाही लागू आहे. मी खिळ्यावरची चावी वाचली, ठेचलेले हात वाचले नाहीत. पण एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही, ती इथे लिहितो. पहिल्या दिवशी मी त्या शिपाई बाईला "आतलं लिहा" म्हणालो असतो, तर बत्तीसचा आकडा पंचनाम्यात आला असता. तो स्टिकरशी जुळत नाही म्हणून दुकानदाराला लगेच बोलावलं असतं, आणि कागद पाहता क्षणी त्याने खोकं काट्याचं आहे हे ओळखलं असतं. दोन-तीन दिवसांत आबा सुटला असता, आणि दहाव्या दिवशी नदीवर बायकोचा पिंड त्याने स्वतःच्या हाताने ठेवला असता.