येळवसला मागून आलेला आवाज

तुमच्या ह्या पानावर लोक कायकाय लिहितेत... कुणाला चिंचेखाली बाई दिसली, कुणाच्या गाडीत कुणी येऊन बसलं. माझी सून मोबाईलवर वाचून दाखवायची आन् मी हसायचो. बहात्तर वर्षं रानात काढली, मसनवट्याला लागून रान हाय माझं, कधी काही दिसलं न्हाई. आजबी भुताखेतावर माझा विश्वास न्हाई. पण एक गोष्ट माझ्यासंगं झाली हाय, ती मी स्वतःच्या हातानं लिहायलोय. चौथी पास हाय. शब्द चुकला तर छापणाऱ्यानं नीट करावा, मजकूर बदलू नये.

आमचं रान राणीसावरगावच्या शिवारात. मी, माझा लेक बालाजी, सून, आन् नात सुवर्णा. आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेली पहिली. कॉम्प्युटरवर बोटं अशी चालायची की बघत राहावं. पुण्याच्या एका एजंटनं तिला थायलंडात कस्टमर केअरची नोकरी लावली. बालाजी नको म्हणत होता. मीच म्हणलं, जाऊ दे. गावात पेढे वाटले. गंगाखेडच्या स्टेशनावर तिला बसवताना तिच्या डोळ्याला पाणी आलं, तर मी म्हणलं, "सुवर्णे, तिथून रडत फोन करायचा न्हाई. लोक माझ्या तोंडाकडं बघायलेत."

ते वाक्य मी बोललो. लिहून ठेवतो, म्हणजे कुणी विचारायला नको.

तिथं गेल्यावर आठवड्याला एक फोन यायचा. दोन मिन्टाचा. "मजेत हाय आबा." बस. काय खाल्लं विचारलं तरी मजेत, थंडी हाय का विचारलं तरी मजेत. बालाजी म्हणायचा, "आबा, पोरीचा आवाज नीट न्हाई. कुणीतरी शेजारी बसल्यावाणी बोलायलीय. पोलीस ठाण्यात जाऊ." मी म्हणायचो, पेढे वाटलेल्या घरानं ठाण्याची पायरी चढायची व्हय? असे सात महिने गेले.

मग येळवस आली. ज्यांच्याकडं ही न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आमच्याकडं सगळं गाव रानात. कडब्याची कोप करायची, आत दगडाचे पाच पांडव मांडायचे, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातली आंबील. पूजा झाली की आंबील घेऊन पिकाभोवती फिरायचं आन् शिंपायची. पुढचा वरडतो, "ओलगे ओलगे!" मागचा उत्तर देतो, "सालम पोलगे!" अर्थ मला ठावूक न्हाई, माझ्या बापालाबी नव्हता. पण मागून उत्तर आल्याबिगर पुढच्यानं पाऊल टाकायचं न्हाई, ही आमच्या घरची रीत. पाच वर्षांची झाली तवापासून माझ्या मागं सुवर्णाच असायची. तिचं 'पोलगे' शेवटाला वर चढायचं, टिटवी वरडल्यावाणी. शेजारच्या रानातले हसायचे. "आबा, तुमची टिटवी आली का?"

त्या दिवशी बालाजीनं पूजेचा फोटो काढला, सुवर्णाला पाठवायला. आन् पुन्हा तेच काढलं. ठाण्यात जाऊ. मी म्हणलं, सणाच्या दिवशी तोंड सांभाळ. तो रुसून कोपीत बसला, मागं यायला तयार न्हाई. मी म्हणलं, नको येऊ, माझं मी फिरतो. भर दुपार, ऊन टक्क. मी एकटा, हातात आंबिलीचं भांडं. ज्वारी कंबरेच्या वर.

विहिरीच्या कोपऱ्याला आलो, पहिली हाक तिथंच द्यायची असते, सवयीनं वरडलो. "ओलगे ओलगे!"

मागून आलं, "सालम पोलगे!"

शेवटाला वर चढलं. टिटवी.

मी वळलो. कुणी न्हाई. ज्वारी हललीबी न्हाई. भांडं हातातून कधी सुटलं कळलं न्हाई, आंबील धोतरावर. बालाजी पळत आला. "आबा, चक्कर आली का?"

"तू उत्तर दिलास का?"

"मी तर कोपीत होतो. तुमचा एकट्याचाच आवाज आला."

मी त्याला म्हणलं, "फटफटी काढ. ठाण्यात जायचंय." जेवलोबी न्हाई. भरल्या सणाच्या दिवशी, आंबिलीच्या धोतरानं मी ठाण्याची पायरी चढली.

तिथला शिपाई म्हणला, "आबा, आवाजाचा पंचनामा कसा करायचा ओ?" मी म्हणलं, तुला करता येत न्हाई तर ज्याला येतो त्याला बोलीव. आतून फौजदार बाई साहेब आल्या. म्हणल्या, "बाबा, आवाज राहू द्या. पोरीचा फोटो, पासपोर्टची झेरॉक्स, एजंटचा नंबर, एवढं द्या." बालाजीनं सगळं फायलीत घालून ठेवलं होतं. सात महिन्यांपासून. माझ्या भ्यानं पेटीत ठेवलेलं.

आठ-दहा दिवसांनी बाई साहेबांचा फोन आला. इदर्भातले एक रिटायर गुरुजी, त्यांनी त्यांच्याकडच्या सायबर पोलिसात सांगितलं होतं. त्यांना एका पोरीचा कॉल आला, शेअरमध्ये पैसे घाला म्हणून. गोड बोलायली, नाव प्रिया सांगायली. बोलता बोलता मधीच वरडली, "सालम पोलगे!" मागं आरडाओरड, फोन कट. दुसरा कुणी असता तर शिवी देऊन इसरला असता. पण हे गुरुजी तरणेपणी आमच्या भागात, अहमदपूरकडं शिकवायला होते, येळवस जेवलेले. ते पोलिसांना म्हणले, "ही चोर न्हाई. ही त्या भागातल्या कुणाची तरी लेक हाय, कोंडून घातलेली. शोधा." तिकडच्या पोलिसांनी आमच्या भागातल्या ठाण्यांना विचारलं, परदेशात अडकलेल्या पोरीची तक्रार हाय का? एकच होती. माझी.

कॉल त्याच येळवसच्या दिवशीचा, येळ एक वाजून चौदा मिन्टं. बालाजीच्या पूजेच्या फोटोवर एक वाजून पाच. कोपीपासून विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत शिंपत जायला मला तेवढाच टाईम लागतो.

पुढं एजंट धरला. थायलंडातून नदी ओलांडून म्यानमारात नेलं होतं तिला. एक हॉल, शंभर पोरं-पोरी, दिवसभर लोकांना फसवायचं, न्हाई तर मार. सरकारी कागद फिरत राहिले, चार महिने गेले, आन् सुवर्णा घरी आली. स्टेशनावर ती रडली न्हाई. मी रडलो. लोक बघत होते, बघू दिलं.

आली ती सरळ घरकामाला लागली. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणली, "आबा, येळवसला तुमी वरडलाव का?"

"वरडलो की."

"मला हेडफोनात ऐकू आलं. गुरुजी बोलायले होते, मधीच तुमचा आवाज. मी कुठं हाय ते इसरले आन् उत्तर दिलं. मग... मारलं त्यांनी."

मी गुरुजींना फोन लावून विचारलं, तुमच्या घरात कुणी वरडलं का, टीव्ही चालू होता का. ते म्हणले, "मी एकटा जेवत होतो. घरात पंख्याशिवाय आवाज नव्हता."

म्हाताऱ्याचे कान वाजले म्हणाल. वाजले, कबूल. पण तिच्या कानात माझा आवाज कसा गेला? फोन तर बालाजीकडं होता, कोपीत. डॉक्टरला विचारलं, कॉलेजच्या सरांना विचारलं. एक म्हणतो योगायोग, एक म्हणतो आठवण. मला दोन्ही पटंना.

यंदाची येळवस झाली. पूजा झाल्यावर सुवर्णानं आपणहून आंबिलीचं भांडं उचललं आन् माझ्या मागं आली. विहिरीच्या कोपऱ्यावर मी वरडलो. मागं नुसते आंबिलीचे शिंतोडे पडल्याचं ऐकू आलं. मी थांबलो. रीत हाय, उत्तर आल्याबिगर पाऊल न्हाई.

"आबा, मला जमंना," ती म्हणली. "तोंड उघडलं की तो हॉल दिसतोय."

बहात्तर वर्षांत पहिल्यांदा मी रीत मोडली, पाऊल टाकलं. "ऱ्हाऊ दे माय. नुसती मागं चाल."

एवढ्या लांबून आलेलं उत्तर, आता दोन हातांवर हाय ती, आन् येईना. तवा कसं आलं ते मला अजून कळलेलं न्हाई, तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा. पण मी खरं सांगतो, आता मला त्याचंबी काही वाटत न्हाई. मला ती टिटवी पायजे. पुढच्या येळवसलाबी मी पुढं चालणार, विहिरीच्या कोपऱ्यावर वरडणार, आन् मागं वळून न बघता उभा राहणार.