साच्याला चिकटलेलं बॉनेट

पिन्हासभाऊ वाकरुळकरांची गाडी आमच्या इमारतीच्या मागे, कपडे वाळत घालायच्या तारांखाली, विटांवर उभी असायची. फायबरची जुनी गाडी. आमच्या दिमोना गावात तिच्यावरून त्यांना कुणी सोडलं नाही. असल्या गाड्या वाळवंटातले उंट खातात, हा साऱ्या देशाचा विनोद. समोरच्या जिन्यातला मोरोक्कोवाला मसूद सकाळी कामावर निघाला की हाळी द्यायचा, "पिन्हास, उंट येतोय, गाडी आत घे!"

पिन्हासभाऊ हातातला पॉलिश पेपर न थांबवता म्हणायचे, "तुझ्या घरी जेवून आला असेल. म्हणजे उपाशीच असणार."

वर गच्चीच्या कठड्याला टेकून मिल्का हसायची. हसली की तिला धाप लागायची, मग ती छातीवर हात ठेवून थांबायची. मी समोरच्याच दारात राहते, त्यामुळे हे सगळं रोजचं पाहिलेलं.

मिल्का आणि मी एकाच बोटीनं, गाव सोडून ज्यूंच्या या देशात आलो. ती रोह्याकडची, मी रेवदंड्याची. बोटीतून उतरल्यावर मला इकडे दक्षिणेत पाठवलं आणि त्या दोघांना हैफाजवळ, फायबरच्या गाड्यांच्या कारखान्यात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मिल्का काचेच्या धाग्यांच्या चटया कात्रीनं कापायची आणि पिन्हासभाऊ त्या साच्यात अंथरून वरून ब्रशनं रेझिन, वाळून कडक होणारा डिंकासारखा रस, दाबायचे. एक दिवस मिल्कानं गंमत म्हणून आपल्या फाटक्या जांभळ्या पातळाचा काठ वीतभर फाडला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चटईवर ठेवला. पिन्हासभाऊंनी बघितलं, इकडेतिकडे पाहिलं आणि वर रेझिनचा हात फिरवला. रेझिन वाळलं तसा काठ आत दिसायला लागला, काचेखाली ठेवल्यासारखा. रुमानियाचा फोरमन भयंकर ओरडला. ते बॉनेट गाडीवर चढलंच नाही. पिन्हासभाऊंनी ते डोक्यावर घेऊन घरी आणलं.

त्याच वर्षी दोघं चालत हैफाच्या डोंगराखाली आमच्या प्रेषिताच्या, एलियाहू हन्नाबीच्या, गुहेत गेली होती. येताना मिल्काचे पाय दुखले. ती म्हणाली, "पुढच्या वेळी आपण बनवलेल्या गाडीतून येऊ."

पुढची वेळ आलीच नाही. कारखाना बंद पडला, ती दोघं इकडे दिमोनाला आली, पिन्हासभाऊ कापडाच्या गिरणीत लागले, मुलगी याएल झाली. ते बॉनेट कित्येक वर्षं आमच्या मागच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून होतं. उन्हानं त्याचा रंग उडाला, बिजागरीकडची कड फाटली. गाडी त्यांनी खूप नंतर, निवृत्त झाल्यावर घेतली, त्याच कारखान्यातली, कुणाच्या तरी शेतात टाकून दिलेली. तिच्या बॉनेटवर निलगिरीची फांदी पडून चुरा झालेला.

मिल्काच्या छातीचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा ती शुद्धीवर आल्या आल्या मला म्हणाली, "दिने, मी नवस बोललेय. बरी झाले तर आपल्या गाडीतून गुहेत जाऊन मलिदा करीन."

"अगं, बसनं गेलीस तरी चालेल की."

"बोललेय ना. आता फिरवायचं कसं?"

ती बरी झाली. म्हणजे घरात फिरायला लागली, शुक्रवारी संध्याकाळी स्वतःच्या हातानं शब्बाथचे दिवे लावायला लागली. आता नवस फेडायचा राहिला. इंजिन पिन्हासभाऊंनी वर्षभर खपून चालू केलं. ब्रेक, काचा, दिवे झाले. राहिलं बॉनेट. त्याच्याशिवाय तपासणीवाला रस्त्यावर यायचा कागद देईना, आणि विकत मिळायचा प्रश्न नव्हता, कारखानाच नाही. कोंबड्यांवरचं जुनं बॉनेट रस्त्यावर टिकलं नसतं, वाऱ्यानं उडालं असतं. पण त्याचा आकार शाबूत होता. त्याच्यावरून साचा काढायचा आणि साच्यातून नवं बॉनेट, असं ठरलं.

पिन्हासभाऊ आधीच सावकाश माणूस. मिल्का म्हणायची, "यांना चहा टाका म्हटलं तर दुपारच्या मिन्हाच्या प्रार्थनेपर्यंत मिळतो." पण या कामाला सावकाश माणूसच लागतो, ते मी बघून शिकले. आधी त्यांनी फाटलेली कड भरली, खड्डे भरले, पाणी लावून लावून घासलं. मग मेण. मेणाचा हात द्यायचा, वाळू द्यायचं, पुसायचं, परत द्यायचा. असं पुष्कळदा. मेण कमी पडलं तर साचा मूळ वस्तूला धरून बसतो आणि दोघांतलं एक फोडल्याशिवाय दुसरं सुटत नाही. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. आमच्या जिन्यात तेव्हा नेलपॉलिशसारखा उग्र वास भरलेला असायचा आणि त्यांच्या कोपरापर्यंत काचेची कुसं. मिल्का त्यांना दारातच थांबवायची. "आधी अंघोळ करा. गार पाण्यानं! पलंगावर काचा आणल्यात तर मी याएलकडे जाईन."

त्या उन्हाळ्यात तिच्या पायांवर परत सूज आली. बेरशेव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या आठवड्यात भरती व्हा, बघू. जिना उतरताना ती मधे मधे पायरीवर बसायला लागली. पिन्हासभाऊंनी ते पाहिलं आणि त्यांचा सावकाशपणा गेला.

तो शुक्रवार होता. मी तारेवरचे कपडे काढायला गेले तर ते रेझिन कालवत होते.

"पिन्हासभाऊ, आज? अहो शब्बाथ लागायला किती वेळ राहिलाय?"

"तेवढ्यात होतं. मग उद्या शब्बाथला काम बंद, दिवसभर मी बसून असणार, साचापण बसून राहील. रविवारी काढतो. तिला दवाखान्यात न्यायच्या आधी गाडी उभी राहायला पाहिजे, दिनाबाई."

"मेण झालं सगळं?"

"झालं. शेवटचा हात सकाळीच दिलाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कड भरली तिथं अजून एक दिला असता. पण असू दे."

ऊन करकरीत, रेझिन भांड्यातच तापायला लागलेलं. ते चटईचे तुकडे भराभर अंथरत होते. वरून मिल्का हाका मारत होती, "अहो, दिव्यांची वेळ झाली! या आता वर!" सूर्य खाली जायच्या आत त्यांनी शेवटचा ब्रश फिरवला आणि हात धुतले. त्या रात्री आशीर्वादाचा, किद्दुशचा प्याला धरताना त्यांच्या बोटांना तो वास येत होता, असं मिल्कानं मला सांगितलं.

रविवारी साचा सुटला नाही.

लाकडाच्या पाचरी झाल्या. फटीत पाणी सोडून झालं. बर्फ लावून झाला. मसूद आणि त्याचा भाऊ दोन्हीकडून ओढत होते. कडा थोड्या उचलल्या, पण मधे घट्ट. बाहेरून नवा साचा, आत जुनं बॉनेट, आणि आतल्या बाजूला तो जांभळा काठ तसाच दिसतोय.

मसूद म्हणाला, "आतलं फोड. साचा तर चांगला आहे. साचा हवा ना तुला?"

पिन्हासभाऊंनी पाचर परत फटीत घातली.

मिल्का भरती झाली, घरी आली. दर दोन दिवसांनी विचारायची. एकदा माझ्यासमोरच तिचा आवाज चढला.

"फोडा की हो ते! मी जिवंत बसलेय इथं, आणि तुम्ही चिंधी जपताय."

"चिंधी नाही ती."

"चिंधीच! माझ्या आईनं गोधडीला घातली असती ती. फोडा आणि चला."

"फोडायची गरज पडणार नाही. एकानं सांगितलंय, गरम पाणी आणि साबण. आणखी चार दिवस थांब."

"मग बसनं जाऊ. एलियाहू हन्नाबी गाडी कुठली आहे ते बघत नाहीत."

"तू नवस बोललीस."

"मी बोलले तर मीच बदलते. प्रार्थना सांगणाऱ्या हझानला विचारते."

"आणखी चार दिवस, मिल्का."

त्यांनी खरंच सगळं करून पाहिलं. फटीत दाढीच्या पात्यांनी मेण कोरून काढलं, पहाटे गारठ्यात साचा उघडा ठेवला, दुपारी उन्हात. हातोडा मात्र त्यांनी हातात घेतला नाही. मी एकदा म्हटलं, "पिन्हासभाऊ, ती म्हणते तर फोडा." ते म्हणाले, "तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, दिनाबाई." आणि परत पाचर घेऊन बसले.

सण आले आणि गेले. मंडपाच्या सणात मिल्का खालच्या सुक्क्यापर्यंत, म्हणजे मंडपापर्यंत, उतरू शकली नाही, म्हणून आम्ही तिचं ताट वर नेलं. नारळाच्या दुधातली मासळी तिनं चाखली आणि म्हणाली, "मीठ कमी घातलंस." त्याच आठवड्यात ती गेली. सकाळी, चहा व्हायच्या आधी.

शिवाला, सात दिवसांच्या दुखवट्याला, बसले तेव्हा याएल वडिलांना म्हणाली, "अब्बा, ती गाडी घेऊन जायला सांगते मी कुणाला तरी." ते जमिनीवर बसले होते. नुसती मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

ती गेल्यावरची महिन्याची प्रार्थना झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मला खालून ठोकल्याचा आवाज आला. गच्चीतून पाहिलं तर पिन्हासभाऊ छिन्नी घेऊन बॉनेट आतून फोडत होते. मी धावत खाली गेले.

"अहो, आता कशाला?"

"तिनं सांगितलं होतं."

जुनं फायबर कोरड्या भाकरीसारखं तुटत होतं. काठाचा भाग आला तेव्हा ते थांबले. काठ मधूनच चिरला. अर्धा एका तुकड्यात, अर्धा दुसऱ्यात. दोन्ही तुकडे त्यांनी माझ्या हातात दिले. "हे कुठं ठेवू मी?" म्हणाले. मीच ते वर नेऊन मिल्काच्या कपाटात तिच्या ओढण्यांखाली ठेवले.

साचा निघाला तो आरशासारखा. फक्त कड भरली होती तिथं एक खरबरीत डाग, त्यात जुन्या रंगाचा कपचा अडकलेला. त्यांनी तो घासला नाही. नवं बॉनेट काढताना मेण दिलं, वाळू दिलं, पुसलं, परत दिलं. कुणी घाई केली नाही. घाई करणारं कुणी नव्हतं. बॉनेट अलगद सुटलं. बसवायला मसूद आला, एका बाजूनं धरून उभा राहिला. उंटाचं काही बोलला नाही.

तपासणीचा कागद मिळाल्यावर पिन्हासभाऊ माझ्या दारात आले. "दिनाबाई, मलिदा करता का? मला पोहे भिजवता येत नाहीत."

मी पोहे भिजवले, साखर, खोबरं, वेलची घातली, वर फळं रचली. हैफापर्यंत मी मागे बसले. पुढच्या सीटवर ताट होतं, टॉवेलात बांधलेलं. वाटेत पेट्रोल पंपावर एक म्हातारा गाडीभोवती फिरला, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "अस्सल आहे?" पिन्हासभाऊ म्हणाले, "नाही. नवं आहे."

गुहेत बायकांची बाजू वेगळी. पिन्हासभाऊंनी बाहेर उभं राहून फळांवरचे आशीर्वाद म्हटले, ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्ही न्या. बायकांच्या बाजूला तिनंच न्यायचं होतं." आत गर्दी होती. कुणी लेकरासाठी रडत होतं, कुणी नुसतंच भिंतीला डोकं टेकून. मी ताट दगडावर ठेवलं आणि भिंतीला हात लावून उभी राहिले. नंतर मलिदा तिथल्या बायकांना वाटला.

बाहेर आले तर त्यांनी बॉनेट उघडलं होतं आणि आतल्या बाजूला बघत उभे होते. आत नुसतं खरबरीत फायबर, काचेचे धागे, बाकी काही नाही.

"दिलंत?"

"दिलं."

"काय म्हणालात?"

"म्हटलं, मिल्काचा नवस आहे. उशीर झाला, पण चूक तिची नाही."

त्यांनी बॉनेट खाली केलं, दोन्ही तळव्यांनी हळू दाबून बंद केलं.

"कुणाची, ते सांगितलं नाहीत?"

"नाही."

"सांगायचं होतं," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. पुढची सीट आता रिकामी होती. मी मागेच बसले.